‘टीव्हीवर उडतंय. का?’ : एका अर्धवट टीव्ही गेमच्या नोंदी

९ जून २०२४

खालच्या मजल्यावरच्या दादाच्या जुन्या हार्ड डिस्कवरचा फोल्डर आज सगळा वाचून काढला. आत एका प्लॅटफॉर्म गेमचा, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या खेळाचा, सोर्स आहे. ६५०२ प्रोसेसरच्या असेम्ब्ली भाषेतल्या फाइली, टाइलची (८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्यांची) चित्रं, आलेखाच्या वहीत काढलेल्या नकाशांचे स्कॅन आणि एक तयार रॉम, म्हणजे कॅसेटच्या चिपमध्ये जाणारी फाइल. गेम निन्टेंडोच्या फॅमिकॉमसाठी लिहिलेला, म्हणजे ज्याची नक्कल नव्वदीत आपल्या घरांत ‘टीव्ही गेम’ म्हणून आली आणि ज्याच्या कार्ट्रिजला आपण सगळे कॅसेट म्हणायचो, त्या डब्यासाठी. फाइलींवरच्या तारखा २००८ ते २०१० मधल्या. गेमला नाव नाही. रॉमची फाइल नुसती ‘ठाणे’.

आकार सगळ्यात साधा: ३२ किलोबाइट प्रोग्रॅम, ८ किलोबाइट चित्रं, बँक बदलण्याची, म्हणजे जादा मेमरी आलटून पालटून वापरण्याची, सोय नाही. एवढ्या जागेत त्याने चार टप्पे आखले होते. पहिला तलावपाळीचा, मासुंदा तलाव आणि मधलं शंकराचं देऊळ. दुसरा खाडीचा, चिखल, खारफुटी आणि रोहित पक्ष्यांचे थवे. तिसरा येऊरच्या जंगलाचा, फांद्यांवरून उड्या. चौथा पहिल्या आगगाडीचा: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. चौथ्यात फक्त जमीन आहे आणि एका इंजिनाचं चित्र.

दादाला फोन केला. तो म्हणाला, ‘‘घे की. मी त्यातलं काहीच विसरलेलो नाही, पण उघडायचीही हिंमत होत नाही.’’ मूळ रॉमची प्रत वेगळी काढून तिला फक्त वाचण्याची परवानगी ठेवली. तिच्यातला एक बाइटही बदलायचा नाही. जे काही बदलेन ते वेगळ्या फाइलीत.

१२ जून

मेसेन या एमुलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर फॅमिकॉमची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, पहिल्यांदा नीट खेळून पाहिला. तिथे मशीन आपोआप एनटीएससी धरलं गेलं, म्हणजे जपान-अमेरिकेतलं, सेकंदाला ६० फ्रेमचं.

गेम वाईट चालतो, हे लिहूनच ठेवलं पाहिजे. खेळातला पोरगा धावायला लागला की चित्र उजवीकडे सरकताना सतत झटके खातं. झटक्यासरशी आकाशात पायरीचे तुकडे, पाण्यात देवळाच्या कळसाचा कोपरा, असा कचरा सांडतो आणि तिथेच चिकटून राहतो. खाडीच्या टप्प्यात थवा आला की सगळंच मंदावतं, अगदी अर्ध्या वेगावर. थव्यातला एखादा पक्षी अचानक दिसेनासा होतो, पण पोरगा त्याला धडकून मरतो. येऊरमध्ये उंचावरून पडलं की पोरगा फांदीच्या आरपार जातो. डोकं वर आपटलं की क्षणभर छताला लटकून राहतो. कडेवर उभं असताना चित्रात पाय जमिनीवर दिसतात आणि तरी तो खाली जातो.

आणि तरीही पहिला टप्पा सुंदर आहे. तलावाच्या पाण्याला त्याने दोनच टाइल आलटून पालटून हलतं केलंय आणि संध्याकाळची तलावपाळी अशीच दिसते. चार रंगांत हे जमवणारा माणूस नकाशातल्या कचऱ्याकडे दुर्लक्ष करेल, हे पटत नाही.

१६ जून

झटक्यांचा माग. फॅमिकॉममध्ये चित्र काढणारी चिप, पीपीयू, पडद्यावर रेघा ओढत असताना तिच्या मेमरीत काही लिहायचं नसतं. लिहायचंच तर एक फ्रेम संपून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या मोकळ्या वेळात, व्हीब्लँकमध्ये. एनटीएससी मशीनवर हा वेळ २० ओळींचा असतो. एक ओळ म्हणजे पीपीयूची ३४१ टिकं, प्रोसेसरच्या एका सायकलला तीन टिकं. म्हणजे सगळं मिळून २,२७३ सायकल. त्यातल्या ५१३ तर स्प्राइटची, म्हणजे हलत्या छोट्या चित्रांची, यादी पोचवण्यातच जातात.

दादाचा एनएमआय रुटीन, म्हणजे व्हीब्लँक सुरू होताच आपोआप चालणारा कोडचा तुकडा, मेसेनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिला. दर १६ पिक्सेल सरकल्यावर तो नवीन पट्टी रंगवतो, दोन स्तंभ, ६० टाइल. पण पट्टी आधी तयार करून ठेवलेली नाही. नकाशातला ठोकळा वाचायचा, त्याचे चार टाइल शोधायचे, पीपीयूला द्यायचे, हे सगळं व्हीब्लँकच्या आतच चाललंय. वर गुण, वर पाणी. एकूण खर्च साधारण ३,६०० सायकल. म्हणजे शेवटच्या टाइल पीपीयूला पोचतात तेव्हा पडद्यावर रेघा ओढणं सुरू झालेलं असतं. तशात २००६ या पत्त्यावर लिहिलं की स्क्रोलच हलतो. झटका तो आणि कचरा तो.

दोष सापडला, पण माणूस कळला नाही. खर्च थोडाथोडका नाही, दीडपटीच्या वर आहे. पोरगा धावताना सेकंदाला नऊ-दहा पट्ट्या येतात, म्हणजे हा झटका पहिल्याच मिनिटात दिसला असणार. ज्याने पाण्याच्या टाइलवर इतकी मेहनत घेतली तो हे पाहत कसा बसला?

त्या फाइलीच्या शेवटी रोमन लिपीत एक टिप्पणी आहे. ‘टीव्हीवर उडतंय. का?’ सगळ्या फोल्डरमध्ये सर्वात शेवटी बदललेली फाइल हीच.

२३ जून

आज काकूंकडे गेले होते. दादाची आई, आमच्या खालच्या मजल्यावर. त्या पेटी शिकवतात. गेममधली पहिल्या टप्प्याची चाल दादाने त्यांच्या पेटीवरच बसवली होती असं त्या म्हणाल्या, म्हणून लॅपटॉप नेला.

चाल सुरू झाली आणि काकूंनी दुसऱ्याच आवर्तनाला हात वर केला. ‘‘थांब गं. ही वर चढलीय. पांढरी एक होती त्याची. मी स्वतः सूर धरून दिला होता.’’ पेटी काढली, पांढरी एक दाबली. खरंच, चाल त्याच्या पुष्कळ वर, काळी एकच्याही वर, कुठल्याच पट्टीवर न बसणारी.

तिथेच बसून मेसेनमध्ये मशीन बदललं. एनटीएससीचं पाल केलं, म्हणजे युरोपातलं, सेकंदाला ५० फ्रेमचं. काकूंनी पेटी परत दाबली. ‘‘हां. आता बसलं.’’

आणि पडदा स्वच्छ होता! झटका नाही, कचरा नाही. काकूंच्या समोर पूर्ण तलावपाळी एकदाही न थबकता पार केली. मग खाडीत गेले. थवा आला आणि गेम मंदावला नाही.

घरी येऊन स्वरांचा तक्ता उघडला. या मशीनवर सूर काढताना प्रोसेसरच्या वेगाला १६ ने आणि हव्या त्या कंपनसंख्येने भागून एक वजा करतात. ४४० हर्ट्झसाठी, म्हणजे पांढरी सहासाठी, एनटीएससीवर हा आकडा २५३ येतो. दादाच्या तक्त्यात २३५ आहे. १६,६२,६०७ हर्ट्झचा प्रोसेसर धरला तर नेमका २३५ येतो आणि तो वेग युरोपातल्या पाल मशीनचा आहे. आपल्याकडचा टीव्ही पाल, म्हणून त्याने एमुलेटरला पाल सांगितलं आणि सगळा गेम त्या मशीनवर तोलून लिहिला.

त्या मशीनचा व्हीब्लँक २० ओळींचा नाही, ७० ओळींचा. ७,४५९ सायकल. ३,६०० त्याच्या निम्म्यानेही भरत नाहीत. त्याच्या समोर जे मशीन होतं त्यात हा कोड बिनचूक होता.

२६ जून

मग ‘टीव्हीवर उडतंय’ कुठून आलं? दादा फोनवर म्हणाला की त्याने लॅमिंग्टन रोडवरून ईप्रॉम, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या मेमरीच्या चिपा, आणले, एका जुन्या कॅसेटमधली चिप काढून तिथे बसवले आणि घरच्या डब्यात घातले. टीव्हीवर चित्र उडायचं. ‘‘आधी वाटलं ईप्रॉम खराब आहे. दुसरा घातला. मग वाटलं डबा म्हातारा झाला. कॉम्प्युटरवर तर लोण्यासारखं चालायचं. मग नोकरी लागली.’’

डबा काकूंच्या माळ्यावर आहे. कॅसेटही.

३० जून

डबा खाली काढला, पुसला. पावसाने हवेत इतका ओलावा आहे की कनेक्टरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवं चढलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केलं. काकूंचा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही अजून चालू आहे, त्याला पिवळी-पांढरी वायर जोडली.

चालू झालं आणि चित्र उडालं. अगदी १२ जूनला पाहिलं तसंच. पण दोन गोष्टी वेगळ्या. खाडीत थवा येऊनही गेम मंदावला नाही. आणि चाल वर चढलेली होती, पण एमुलेटरमधल्याइतकी नाही. काकू म्हणाल्या, ‘‘आता काळी एकच्या जरासं वर. कोमल रे धरून गातोय.’’

म्हणजे हा डबा एनटीएससीही नाही आणि पालही नाही.

स्क्रू काढले. नव्या स्वस्त डब्यांत एकाच काळ्या थेंबाखाली सगळं दडलेलं असतं. हा जुना आहे, चिपा सुट्या आहेत आणि वरची अक्षरं वाचता येतात. प्रोसेसर यूए ६५२७ पी, पीपीयू यूए ६५३८. तैवानच्या यूएमसीची जोडी. रशियात डेंडी नावाने जो डबा गाजला त्याच्या घराण्यातली.

आता सगळं जुळलं. ज्या देशांत टीव्ही ५० हर्ट्झचा पण कॅसेटी जपानी, त्यांच्यासाठी ही चिप केली होती. टीव्हीला हव्यात म्हणून ओळी ३१२, पण जपानी गेमचं वेळेचं गणित मोडू नये म्हणून बाकी सगळं एनटीएससीसारखं ठेवलं. वाढीव ५० ओळी चित्र संपल्यावर नुसत्याच रिकाम्या जातात, त्यानंतर एनएमआय येतो आणि व्हीब्लँकला पुन्हा २० ओळीच उरतात. २,२७३ सायकल. दादाच्या ३,६०० इथे मावणार नव्हत्या. चिप सुद्धा नाही, ईप्रॉम सुद्धा नाही, काहीच खराब नव्हतं.

कोमल रेचंही उत्तर यातच आहे. दोन्ही मशीनना मूळ घड्याळ एकच, २६.६०१७१२ मेगाहर्ट्झचं. युरोपातला पाल प्रोसेसर त्याला १६ ने भागतो, हा १५ ने. वेगांचं गुणोत्तर १६:१५. सा आणि कोमल रे यांच्यातलं गुणोत्तरही १६:१५. पेटीची काळी एक या शुद्ध अंतरापेक्षा किंचित खाली असते आणि म्हणूनच काकूंना ती ‘जरासं वर’ ऐकू आली. मी कागदावर हे मांडून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘त्याने मला तेव्हाच ऐकवलं असतं तर?’’ मला तेच वाटत होतं. सुराचा फरक ऐकणारा कान त्याच घरात होता. पण तो टीव्हीसमोर आवाज बंद करून बसायचा.

७ जुलै

तीन मशीन एका पानावर मांडली, म्हणजे पुढे गोंधळ नको. एका फ्रेममध्ये प्रोसेसरला मिळणारे सायकल: एनटीएससी २९,७८०, पाल ३३,२४७, डेंडी ३५,४६४. थव्यासकट खाडीच्या टप्प्याचा खर्च बत्तीस हजारांच्या आसपास जातो. पालवर जेमतेम मावतो, डेंडीवर आरामात, एनटीएससीवर मावत नाही. न मावलेला गेम पुढच्या फ्रेमची वाट बघतो आणि वेग निम्मा होतो. म्हणजे मंदावण्याचा दोष आपल्या घरच्या डब्यावर कधी नव्हताच.

एमुलेटरमध्ये उघडून पाच मिनिटांत ‘मंद आहे, बेसूर आहे, उडतो’ असं म्हणणारा कुणीही प्रामाणिकपणेच म्हणेल. मलाही १२ जूनला तसंच दिसलं. पण त्यातली मंदपणाची तक्रार परक्या मशीनची आहे, बेसूरपणाची तक्त्याची आहे आणि उडण्याची दोन मशीनमधल्या ५० ओळींची. अर्धवट राहिलेल्या गेमचे दोष काढण्याआधी तो कुठल्या मशीनवर तोलला होता ते शोधलंच पाहिजे, हे माझं या कामातलं पहिलं पक्कं मत.

याचा अर्थ गेम निर्दोष आहे असा नाही. उरलेले दोष कुठल्याही मशीनवर तसेच राहतात आणि ते दादाचे आहेत.

१३ जुलै

एनएमआय नव्याने लिहिला. पट्टी उलगडण्याचं काम मुख्य लूपमध्ये हलवलं. तयार ६० बाइट स्टॅकच्या (प्रोसेसरच्या तात्पुरत्या साठ्याच्या) पानावर एका कोपऱ्यात ठेवायचे आणि व्हीब्लँकमध्ये स्टॅक पॉइंटर तिथे वळवून एकेक उचलायचा, पीपीयूला द्यायचा. उचलायला ४ सायकल, द्यायला ४. साठांचे ४८०. स्प्राइट, रंगांचे बाइट, गुण आणि पाणी धरून एकूण १,४०० च्या आसपास. २,२७३ मध्ये बसून वर जागा उरते.

ईप्रॉमऐवजी विजेने पुसता येणारी २८सी२५६ वापरली, दर वेळी अतिनील दिव्याखाली वीस मिनिटं ठेवायला नको. पाय जवळजवळ सारखे, पण २७सी२५६ मध्ये शेवटची पत्त्याची रेघ २७व्या पायावर असते आणि २८सी२५६ मध्ये पहिल्या. तिथे लिहिण्याचा पाय २७वा. दोन वायरी ओढून घेतल्या, लिहिण्याचा पाय पाच व्होल्टला बांधला.

काकूंच्या टीव्हीवर तलावपाळी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत स्वच्छ सरकली. दादाला व्हिडिओ पाठवला. त्याने लगेच फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘ओळी किती होत्या?’’

२१ जुलै

सूर. गेम सुरू होताना दोन एनएमआयच्या मधे एक लूप किती वेळा फिरतो ते मोजलं की मशीन कुठलं ते कळतं. त्याप्रमाणे तीनपैकी एक तक्ता घ्यायचा. डेंडीवर पांढरी सहाचा आकडा २५१. एनटीएससीवर सेकंदाला ६० फ्रेम असल्याने चाल पळते, तिथे दर सहाव्या फ्रेमला संगीत एक ठोका थांबतं. तिन्ही ठिकाणी पांढरी एक लागली. काकूंनी तपासून दिली.

एनटीएससीवर खाडी मंदावू नये म्हणून थव्यातल्या पक्ष्यांचा विचार पाळीपाळीने करायचा असं केलं: निम्मे पक्षी या फ्रेमला दिशा ठरवतात, निम्मे पुढच्या. हालचाल सगळ्यांची दर फ्रेमला. डोळ्याला फरक दिसत नाही.

२८ जुलै

आता खरे दोष. आधी येऊर.

पोरगा फांदीतून आरपार का जातो? गुरुत्व दर फ्रेमला पाव पिक्सेल वेग वाढवतं. वेगाला कमाल मर्यादा नाही. फांद्या ८ पिक्सेल जाड. ३२ फ्रेमनंतर वेग ८ पिक्सेलवर पोचतो, तोवर पोरगा सुमारे १२८ पिक्सेल खाली आलेला असतो, अर्ध्या पडद्याहून थोडा जास्त. त्यापुढे एका फ्रेमला तो फांदीच्या वर असतो आणि पुढच्या फ्रेमला खाली. मधे कधी टेकतच नाही. येऊरच्या नकाशात असे उंच कडे तीन ठिकाणी आहेत. वेगाला ७ ची मर्यादा घातली. तिन्ही ठिकाणी पाय टेकतात.

छताला लटकणं: डोकं आपटल्यावर जागा दुरुस्त होते, पण वर जाण्याचा वेग तसाच राहतो आणि गुरुत्वाने संपेपर्यंत पोरगा वरच ढकलला जातो. आपटताच वेग शून्य. एक ओळ.

कडेवरून पडणं: जमीन पायाखाली आहे का हे तो पोराच्या मधल्या एकाच बिंदूवर बघतो. पोरगा १६ पिक्सेल रुंद, म्हणजे अर्धं अंग जमिनीवर असूनही पडतो. इथे मी जास्त वेळ घालवला. उडी मारणारा खेळाडू कडेच्या शेवटच्या पिक्सेलपर्यंत धावतो आणि मग बटण दाबतो. त्याच क्षणी गेमने ‘तू आधीच पडलास’ म्हणणं हा विश्वासाचा भंग आहे. दोन बिंदू केले, दोन्ही पावलांचे. शिवाय कड सुटल्यावर चार फ्रेमपर्यंत उडी मान्य. हे दुसरं मूळ गेममध्ये नव्हतं, म्हणून फाइलीत तसं स्पष्ट लिहून ठेवलं.

११ ऑगस्ट

न दिसणारा पक्षी. पीपीयू एका ओळीत आठच स्प्राइट काढू शकते. स्प्राइट ८ पिक्सेल रुंद, म्हणून पोराचे दोन आणि प्रत्येक रोहिताचे दोन. पोरगा आणि तीन पक्षी एका ओळीत आले की आठ झाले. चौथा पक्षी काढलाच जात नाही. दादाची यादी कायम एकाच क्रमाने जाते, त्यामुळे गायब होणारा पक्षी दर फ्रेमला तोच. धडकण्याचा हिशोब मात्र त्याचाही होतो.

जुन्या गेममध्ये यावर सरळ उपाय असतो: यादीचा क्रम दर फ्रेमला फिरवायचा, म्हणजे आळीपाळीने वेगवेगळा पक्षी गायब होतो आणि सगळे लुकलुकत का होईना दिसतात. ते केलं. पिक्चर ट्यूबवर बरं दिसतं.

पण एवढ्याने मन भरत नाही, कारण इथला दोष नकाशाचा आहे. त्याने चार पक्षी एका उंचीवर ठेवले आहेत. वहीतल्या चित्रात ते दिसायला छानच आहे, खाडीवर थवा असाच रांगेत उठतो. चिपची मर्यादा ओळीची आहे, पडद्याची नाही. तेच चार पक्षी तिरक्या रांगेत ठेवले तर लुकलुकणार नाहीत आणि उडी मारायला वाटही मिळेल. दादाला विचारल्याशिवाय नकाशाला हात लावायचा नाही असं ठरवलंय. प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त करणं वेगळं आणि त्याने काढलेलं चित्र हलवणं वेगळं.

१८ ऑगस्ट

दुसरा मोठा दोष, कॅमेरा. पोरगा कायम पडद्याच्या मध्यावर. पडदा २५६ पिक्सेल, म्हणजे पुढचं १२८ पिक्सेलच दिसतं. पूर्ण वेगात तो फ्रेमला ३ पिक्सेल धावतो. समोर आलेला पक्षी दिसल्यापासून धडकेपर्यंत ४२ फ्रेम. ५० हर्ट्झवर ०.८५ सेकंद, ६० वर ०.७१. पक्षीही समोरून येत असतो, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी. त्यामुळे खाडीचा टप्पा पाहून खेळता येत नाही, पाठ करून खेळावा लागतो. येऊरमध्ये तर दोन उड्या अशा आहेत की पुढची फांदी उडी मारल्यानंतरच दिसते.

पोरगा पडद्याच्या एकतृतीयांशावर ठेवला की पुढे १७० पिक्सेल मिळतात. करून पाहिलं, खेळ एकदम मोकळा होतो. पण मागे वळून धावलं की कॅमेऱ्याने हळूहळू दुसऱ्या बाजूला जावं लागतं आणि पट्ट्या दोन्ही दिशांनी रंगवाव्या लागतात. दादाचा कोड फक्त उजवीकडच्या पट्ट्या रंगवतो. काम आहे.

२४ ऑगस्ट

मूळ रॉम कशी जपायची यावर आज निर्णय. सेटा या जपानी कंपनीचा ‘बायो फोर्स एप’ हा असाच न आलेला प्लॅटफॉर्म गेम. त्याचं प्रोटोटाइप कार्ट्रिज २०१० मध्ये लिलावात निघालं आणि २०११ मध्ये रॉम सगळ्यांना खेळायला मिळाली. तोवर लोकांकडे मासिकांतली थोडी चित्रं आणि अफवाच होत्या. जे हाती आलं ते आहे तसं जपलं गेलं म्हणून आज त्याच्याबद्दल काही खात्रीने बोलता येतं.

म्हणून: दादाची रॉम जशीच्या तशी एक फाइल. दुरुस्त्या बीपीएस पॅचच्या, म्हणजे फक्त फरक साठवणाऱ्या फाइलीच्या, रूपात वेगळ्या. बीपीएस मूळ फाइलची बेरीज तपासतो, भलत्याच फाइलीवर लागत नाही. आणि दुरुस्त रॉमच्या हेडरमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीत, एनईएस २.० या रॉम फाइलींच्या मानकाचा बारावा बाइट (शून्यापासून मोजून) ३, म्हणजे एमुलेटर ती आपोआप डेंडी मशीनवर उघडेल. त्यासाठी त्या मानकात जागा ठेवलेली आहे ही मोठी सोय आहे. हा गेम आपल्या डब्याचा आहे आणि तो तसाच उघडला पाहिजे.

८ सप्टेंबर

दादा गणपतीला आला. दीड दिवसाचं विसर्जन काल-आजच्या गर्दीत उरकलं आणि दुपारी तो टीव्हीसमोर बसला. काकूंनी आवाज मोठा ठेवायला लावला.

त्याने तलावपाळी आणि खाडी सलग खेळली. थव्यापाशी थांबला. मी रांगेचं सांगितलं. त्याने वही मागितली, चौघांना स्वतः तिरकं केलं आणि पाचवा पक्षीही वाढवला. ‘‘आठचा नियम मला माहीत होता गं. पोराचे दोन धरायचे राहिले.’’ कॅमेऱ्याला मात्र त्याने नकार दिला. एकतृतीयांश त्याला आवडलं, पण मागे वळल्यावर पडदा सरकतो ते अजिबात नाही. बराच वाद झाला. माझं मत अजूनही तेच आहे की खाडी मध्यावरच्या कॅमेऱ्याने अन्यायाची होते. शेवटी तोडगा त्याने काढला. कॅमेरा मध्यावर, पण पक्षी यायच्या आधी पाण्यावर त्याची सावली पुढे धावते. सावली पार्श्वभूमीच्या टाइलने करायची, स्प्राइटचा खर्च नाही. हे माझ्या उपायापेक्षा चांगलं आहे, कारण पाणी त्याने आधीच हलतं केलेलं आहे.

चौथ्या टप्प्याबद्दल विचारलं. १४ डब्यांच्या टपांवरून धावत इंजिनापर्यंत पोचायचं, असा बेत होता. गाडी स्प्राइटने काढणं शक्य नाही, आठाच्या नियमात एक डबाही मावत नाही. त्याचा विचार असा होता की गाडी हीच पार्श्वभूमी करायची आणि वरचं आकाश, डोंगर स्थिर ठेवायचे. त्यासाठी पडद्याच्या मधेच एका ओळीवर स्क्रोल बदलावा लागतो. यादीतल्या पहिल्या, म्हणजे शून्याव्या, स्प्राइटचं चित्र पार्श्वभूमीवर पडलं की पीपीयू खूण देते, तो ठोका पकडून ते करता येतं. त्याने ते तेव्हा लिहायला घेतलं होतं, पण पहिल्याच टप्प्याचं चित्र उडत असताना पुढे जाण्यात अर्थ वाटला नाही.

१५ सप्टेंबर

पहिला पॅच पूर्ण. आत आहे: नवा एनएमआय, सुरांचे तीन तक्ते, पडण्याच्या वेगाची मर्यादा, डोक्याची आणि पावलांची दुरुस्ती, स्प्राइटचा फिरता क्रम, दादाने हलवलेला थवा. नाही: सावली, तिचे टाइल अजून काढायचे आहेत. येऊरमधल्या दोन आंधळ्या उड्या तशाच आहेत. तिथे एखादं पान किंवा घरटं खूण म्हणून ठेवावं असं मी सुचवलंय, दादाने विचार करतो म्हटलंय. देवळाच्या कळसाचा केशरी रंग शेजारच्या पाण्यात उतरतो तो राहू दिला, कारण रंग १६ बाय १६ च्या चौकोनालाच लागतो आणि कळस हलवला तर देऊळ तलावाच्या मध्यावर राहत नाही.

चौथा टप्पा या पॅचमध्ये बंद ठेवला आहे, मूळ रॉममध्ये तो जसा आहे तसा पाहता येतो. दादा बंगळूरला परत गेला, जाताना जुना डबा आणि एक २८सी२५६ घेऊन गेला. काल रात्री त्याने शून्याव्या स्प्राइटचा पहिला कोड पाठवला. डेंडीवर ठोका बरोबर ९६व्या ओळीला पडतो, एनटीएससीवर एक ओळ थरथरते. उद्या संध्याकाळी ती बघते.